वेळापत्रक एक, दिवस 220

प्रश्न असा आला आहे: "वय 27, मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. रोज तीच स्क्रीन, तेच काम. शिक्षकाचा एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो असं सगळे म्हणतात. हे खरं आहे का, की नुसतं बोलायचं? खरं असेल तर बी.एड. करून सोलापुरात परत यावं का?"

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत 26 वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते. सध्या सातवी-ब ची वर्गशिक्षिका. खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेचं मला काही सांगता येणार नाही, इंग्रजी शाळांचंही नाही. जे पाहिलंय तेवढं लिहिते.

खरं आहे, एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. पण ते ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे सहल, स्नेहसंमेलन आणि वर्गात हात वर करून उड्या मारणारी पोरं येत असतील तर ते वर्षातले आठ-दहा दिवस. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस आणि 1000 तास शिकवणं ठरवून दिलंय. त्या 220 दिवसांत वेळापत्रक तेच, पुस्तक तेच, फळा तोच, आणि तुमच्या स्क्रीनइतकाच कंटाळवाणा. बदलतं ते एवढंच की पोरं आज घरून काय घेऊन आलीत. दप्तरातलं म्हणत नाही मी.

एक दिवस दाखवते म्हणजे कळेल.

तुम्ही सोलापूरचे, म्हणून पाण्याचं तुम्हाला सांगायला नको. उजनीचं पाणी नळाला चार-पाच दिवसांआड येतं, आणि कधी येईल ते नळच जाणे. कुठे पहाटे 4 ला, कुठे सकाळी 11 ला. पाणी येतं त्या दिवशी घरातला प्रत्येक हात मोजून कामाला असतो. आई विड्या बाजूला ठेवते, वडील रात्रपाळी करून आलेले असले तरी उठतात, आणि पोरांच्या शाळेचा विषयच निघत नाही. माझ्या वर्गाचा पट 54. पाण्याच्या दिवशी पहिल्या घंटेला 31.

तेवढ्यात पोषण आहाराच्या मावशी दारात. "बाई, किती?"

सहावी ते आठवीच्या एका मुलाला 150 ग्रॅम तांदूळ. 54 पोरांना 8 किलो 100 ग्रॅम, 31 जणांना 4 किलो 650 ग्रॅम. नवीन असताना मी समोर दिसतील तेवढे मोजून सांगायची. मग दुसऱ्या तासाला ओल्या बाह्यांनी दहा-बारा पोरं यायची आणि जेवणाच्या सुट्टीत भाताचं पातेलं खरवडून वाढावं लागायचं. आता मी खिडकीतून रस्त्याकडे बघते, पाणी कोणत्या गल्लीला आलंय ते पहिल्या बाकावरच्या पोराला विचारते आणि सांगते, "42 चा टाका." नोंदीत जेवलेलेच लागतात, तो हिशेब वेगळा. पण टाकायचा अंदाज माझा. बहुतेक वेळा एक-दोनचा फरक पडतो. डी.एड., बी.एड., कुठल्याच पुस्तकात हे नाही, आणि माझ्या मते ही शिक्षकाच्या कामातली फार मोठी गोष्ट आहे. बाहेरच्याला जे अचानक वाटतं त्यातलं निम्मं गाव ओळखलं की अचानक राहत नाही.

आता उरलेलं निम्मं.

अशाच एका पाण्याच्या दिवशी माझ्या टाचणवहीत होतं: व्यस्त प्रमाण, उदाहरणे 1 ते 6. मला वाटलं, चला, आज पाण्याचंच उदाहरण घेऊ. फळ्यावर लिहिलं, एका मोटारीने हौद 40 मिनिटांत भरतो, तर दोन मोटारींनी किती मिनिटांत? वीस, वीस असा गलका झाला. मी खडू ठेवणार तोच तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी बोलतच नाही, बसल्या जागेवरूनच म्हणाला, "भरतच नाही ओ बाई."

मी म्हटलं, का नाही भरत? तर उभा राहून हाताने नकाशा काढत सांगायला लागला. त्यांच्या गल्लीत आधी फक्त घरमालकाची मोटार होती. ती नळालाच जोडलेली. मग समोरच्यांनी लावली. मग सगळ्यांनीच. आता पाणी सोडलं की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि गल्लीच्या शेवटाला त्यांच्या नळातून नुसती हवा येते. "दुसरी मोटार लावली तर आमचा हौद निम्म्या वेळात कुठं भरतो? आधी 40 मिनिटं लागायची, आता तासाभरात पण भरत नाही."

मग काय, वर्गाचे दोन तुकडे पडले. गल्लीच्या तोंडाला राहणारे म्हणायला लागले, तुम्ही लवकर उठत नाही. शेवटाला राहणारे म्हणायला लागले, तुम्ही चोरून ओढता. एक मुलगी आधी तेलुगूत भडकली, मग मराठीत. माझ्या वर्गात पाण्याला पाणी, नीळ्ळू, नीरु, पानी असे चार शब्द आहेत आणि त्या दिवशी चारही ऐकू आले.

मी दोन मिनिटं नुसती उभी होते. गप्प बसवावं तर तास वाचेल, सहा उदाहरणं होतील. पण तो म्हणत होता ते बरोबर होतं! व्यस्त प्रमाण चालतं ते प्रत्येक मोटारीला पाणी तेवढंच मिळत असेल तर. पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणात ही अट न लिहिता धरलेली असते. मजूर दुप्पट केले तर दिवस निम्मे, पण फावडी तेवढीच असतील तर? मी इतकी वर्षं हा धडा शिकवला आणि ती अट एकदाही मोठ्याने बोलले नव्हते. शेवटी फळ्यावर वर लिहिलं, "पाणी पुरेसे आहे असे धरू", आणि त्याला विचारलं, आता चालेल? तो म्हणाला, "धरा की."

तीन उदाहरणं झाली, तीन राहिली. टाचणवहीतल्या 6 वर काट मारून 3 केलं. पर्यवेक्षकांनी शेरा मारला, मारू दे. सत्र परीक्षेत त्या पोराने तसल्याच गणिताचं उत्तर लिहिलं, "20 मिनिटे (पुस्तकात)." मी पूर्ण गुण दिले.

हे वाचून तुम्हाला वाटेल, व्वा, असा दिवस रोज मिळत असेल तर उद्याच राजीनामा देतो. म्हणून दुसराही दिवस सांगते, कारण तोही गणिताचाच आहे आणि त्यात चूक माझी होती.

सहावीला शतमान हा धडा आहे. प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, मुलांच्या घरातली, परिसरातली उदाहरणं घ्या. आमच्या भागात निम्म्या घरांत बायका विड्या वळतात. पान भिजवायचं, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्यांवर मजुरी. पंचवीसचा एक कट्टा, म्हणजे हजाराचे चाळीस. आमच्या पोरांना पंचवीसचा पाढा शिकवावा लागत नाही, तो त्यांच्या हातात असतो. कारखान्यात विड्या तपासतात आणि वाकड्या, सैल, फाटक्या बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. छाट जास्त निघाली की तेवढी मजुरी गेली, वर बोलणी.

मी मोठ्या हुशारीने गणित घातलं: एका बाईने 1000 विड्या वळल्या, 60 छाट निघाल्या, तर छाट शेकडा किती?

एका मुलीने मी वाक्य संपवायच्या आत सांगितलं, "सहा." बरोबर. मी म्हटलं, शाब्बास, कसं काढलंस? ती बोलली नाही. तिने बाकावर डोकं ठेवलं ते तास संपेपर्यंत वर केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्या मैत्रिणीने सांगितलं की आदल्या दिवशी तिच्या आईची छाट फार निघाली होती, त्यावरून घरात भांडण झालं, आणि त्या छाटेतल्या निम्म्या विड्या हिने वळलेल्या होत्या.

मला कसं कळणार होतं? नव्हतंच कळणार. पण मी ते उदाहरण 40 पोरांसमोर तिच्या घरातून उचलून फळ्यावर मांडलं होतं, हे खरं. तेव्हापासून माझा नियम असा आहे की गल्लीतलं उदाहरण घ्यायचं, घरातलं नाही. पाणी चालतं, रिक्षाचं भाडं चालतं, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे चालतात. आईचा पगार, वडिलांची पाळी, कुणाचं कर्ज हे पोराने स्वतः आणलं तरच. नव्या प्रशिक्षणात पुन्हा कुणी परिसर परिसर म्हणायला लागलं की मी मान डोलावते आणि माझा नियम पाळते.

तर दोन्ही दिवस अचानक उगवलेले. एकाने मला आठवडाभर पुरेल एवढा आनंद दिला, दुसरा आज दहा वर्षांनी आठवला तरी पोटात कालवतं. सकाळी शाळेचं फाटक ओलांडताना यातला कोणता वाट्याला येणार हे कळत नाही. वैविध्य म्हणतात ते हे.

वर्षाचंही एक पंचांग असतं, ते मात्र दोन वर्षांत पाठ होतं. श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा पूर्व भागात शाळा भरवणं म्हणजे रिकाम्या बाकांना शिकवणं. नवरात्रात मुली बतकम्मा या तेलुगू सणाच्या फुलांच्या नादात. कोजागरीच्या आधी पोरं घरच्यांबरोबर तुळजापूरला चालत जातात, पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि परत आली की पायाला फोड. त्या आठवड्यात पी.टी.चा तास मैदानावर घ्यायचा नाही हे आमच्या क्रीडाशिक्षकांना सांगावं लागत नाही. जानेवारी तर विचारूच नका. 3 तारखेला सावित्रीबाईंची जयंती, 12 तारखेला जिजाऊ आणि विवेकानंद, आणि सोलापुरात त्याच दिवशी हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. तिन्ही कार्यक्रम एका परिपाठात बसवायचे. ते उरकतं न उरकतं तोच सिद्धेश्वराचा गड्डा. अर्धी पोरं बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मागे, उरलेली होम मैदानावर पाळण्यात. परत आली की एकच प्रश्न, मौत का कुआँ मधली मोटारसायकल खाली का पडत नाही? त्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. वर्षातला सगळ्यात शांत विज्ञानाचा तास तोच असतो.

ऑफ तास हा वेगळाच प्रकार. सकाळी पर्यवेक्षक वही घेऊन येतात, कुणीतरी सर रजेवर, कुणी मॅडम प्रशिक्षणाला, आणि तुमच्या रिकाम्या तासात तुमचं नाव. नववी-क, इतिहास. तुमचा विषय नाही, पोरं ओळखीची नाहीत, आणि त्यांना माहीत असतं की हा ऑफ तास आहे. पहिली पाच वर्षं मी "शांत बसून वाचा" म्हणायची. ते 35 मिनिटं पोरांना शिक्षा आणि मलाही. आता माझ्या पिशवीत मागच्या वर्षाच्या दिनदर्शिकेची पानं असतात. कुठलाही महिना, त्यातला तीन बाय तीनचा चौकोन निवडा, नऊ आकड्यांची बेरीज मी तुमच्या आधी सांगते. मधला आकडा गुणिले नऊ, बस. मग तीन बाय चारचा चौकोन घेतला तर काय, हे त्यांनी शोधायचं. नववीच्या मिशा फुटलेल्या पोरांनाही हरवायला आवडतं. तुम्ही या नोकरीत आलात तर असा कुठलाही विषय नसलेला, कुठल्याही वर्गाला चालणारा एक तास कायम खिशात ठेवा.

जे वैविध्य मला नको आहे त्याबद्दलही बोलते, थोडक्यात, नाहीतर चिडचिड होईल. तास चालू असताना ग्रुपवर मेसेज पडतो: अमुक माहिती आज दुपारी 3 पर्यंत. मुलांचे आधार क्रमांक जुळले की नाही, अपार आयडी किती निघाले, यू-डायसला काय भरलं, कुणाचं बँक खातं बंद पडलंय. जंतनाशक गोळ्या वाटा, त्याचा फोटो पाठवा. कायद्याच्या 27 व्या कलमात लिहिलंय की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचं नाही. निवडणुकीत मतदार यादीही आली, म्हणजे दारोदार हिंडणं आलंच. बाकीचं वेगवेगळ्या नावांनी येतं आणि शैक्षणिकच ठरतं. शिक्षकाचा आठवडा कायद्याने तयारीसह 45 तासांचा. त्यातली तयारी कुठे करायची हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. मी रात्री भाकरी झाल्यावर करते.

2020 मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आपल्याच जिल्ह्यातला माणूस, आनंद झाला. फक्त त्यानंतर महिनाभर प्रत्येक लग्नात मला नातेवाईक विचारत होते, "मग तुम्ही काय नवीन करता?" मी म्हणायची, हजेरी घेते. थट्टेत म्हणायची, पण तितकीशी थट्टा नव्हती. हजेरी घेताना मी नुसती नावं वाचत नाही. आवाज ऐकते. कोण "हजर" म्हणताना आवाज चोरतं, कोण नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडतं, कुणाचा डोळा सुजलाय, कोण काल गेलं त्याच कपड्यांत आलंय. त्या तीन मिनिटांत मी ठरवते की आज कुणाला प्रश्न विचारायचा नाही आणि कुणाला मुद्दाम फळ्यापाशी बोलवायचं.

तरी चुकतं. मागे एकदा मार्चात सकाळची शाळा सुरू झाली होती. उन्हं तापायच्या आत शाळा सुटावी म्हणून 7 ला भरायची. परिपाठात प्रतिज्ञा चालू असताना एक पोरगा पुतळ्यासारखा मागच्या मागे पडला. पाणी मारलं, सावलीत घेतलं, दहा मिनिटांत उठून बसला. काल रात्री वडिलांबरोबर यंत्रमागावर होता, सकाळी काही न खाता आला होता. आणि दोनच दिवसांपूर्वी जांभई दिली म्हणून मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. हजेरीत त्याचा आवाज रोज सारखाच यायचा. त्याच्या वडिलांना बोलावलं. ते आले, हात जोडून उभे राहिले, म्हणाले, "चुकलं बाई, परत नाही नेणार." मला त्यांना बसा म्हणायचंही सुचलं नाही. पुढे नेलं की नाही, मी छातीठोक सांगू शकत नाही. डब्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी जास्तीची नेते तेव्हापासून, सकाळच्या शाळेच्या दिवसांत.

दमवतं काय ते आता कळलं असेल. धडे नाही दमवत. दर पाच-सात मिनिटांनी काहीतरी ठरवावं लागतं आणि विचारायला कुणी नसतं, त्याने माणूस थकतो. हसावं की रागवावं, थांबावं की पुढे जावं, घरी कळवावं की आपल्यातच ठेवावं. तुमच्या बॅक ऑफिसला चूक झाली तर बहुधा दुरुस्त करून पुन्हा पाठवता येते. इथे पोरगं ते घेऊन घरी जातं. पाचला शाळा सुटल्यावर मी रिक्षात कुणाशी बोलत नाही, घरच्यांना ते ठाऊक आहे.

आता बी.एड. करावं का. व्यवहाराचं बोलू. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे. आठवीपर्यंत शिकवायचं तर टी.ई.टी. म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते, मग शिक्षक अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर वाट बघणं. लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. 2023 पासून मानधन प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार आहे. त्याआधी 6 आणि 8 हजार होतं, म्हणजे सुधारलंय म्हणायचं. विनाअनुदानित शाळेत यापेक्षा कमीवर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं मला माहीत आहेत, माझ्यापेक्षा चांगलं शिकवणारी. आणि कायम झालात तरी पट घसरला, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद उडालं की तुम्ही अतिरिक्त, मग समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणं, जिथे होईल तिथे. सोलापुरात परत यायचं म्हणून या वाटेला येणार असाल तर सोलापूर मिळेलच असं नाही. पुण्यातली नोकरी सोडून मग बी.एड.ला बसू असं करू नका. आधी बघा.

बघायचं कसं, तर ओळखीच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी काढून सलग आठ दिवस बसा. एक दिवस बसून काही कळत नाही. पहिल्या दिवशी पाहुणे आलेत म्हणून पोरं शहाणी वागतात, शिक्षकही. तिसऱ्या दिवशी तुम्ही भिंतीचा भाग होता आणि मग खरा वर्ग दिसतो. जूनमधले पहिले पंधरा दिवस टाळा, तेव्हा पुस्तकं, गणवेश आणि दाखल्यांची धांदल असते. जानेवारीही टाळा, कारण वर सांगितलं. ऑगस्टचा पहिला पंधरवडा बरा, पाऊस पडला तर पडला. मागच्या बाकावर बसा, वही-पेन घेऊन नका बसू, आणि एका तरी पाण्याच्या दिवशी पहिल्या घंटेच्या आधी या. पट आणि हजर हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असतात, ते बघा, आणि दुसरा तास संपल्यावर पुन्हा मोजा.

डबा मात्र आपला आपण आणा. भात मोजून टाकलेला असतो.